पु. ल. देशपांडे उद्यान ते सारसबाग ते तळजाई: बागा जोडणाऱ्या हरितपथाची आखणी कुठून सुरू करावी?

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या भागातल्या काही सोसायट्या आणि वस्तीतली मंडळं मिळून क्षेत्रीय कार्यालयाला एक प्रस्ताव देणार आहोत. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, पर्वतीचा पायथा, सारसबाग-पेशवे उद्यान आणि पुढे तळजाईची टेकडी, असं पायी आणि सायकलने सलग जाता यावं ही कल्पना.

कागदावर सोपं दिसतं. उद्यानामागून मुठा उजवा कालवा जातो, काठाने पाटबंधारेवाल्यांचा रस्ता आहेच. त्यावरून जनता वसाहतीच्या खालच्या अंगाने पर्वतीपाशी यायचं आणि रस्ता ओलांडला की सारसबाग. तळजाईसाठी दोन पर्याय डोक्यात आहेत: आंबिल ओढ्याचा काठ, नाहीतर टेकडीवरून. गूगल अर्थवर रेघ ओढून झाली आहे.

प्रश्न असे. कालव्याचा काठ घ्यावा की आतल्या गल्ल्या? रुंदी किती आणि वर काय टाकायचं? दुचाक्या कशा रोखायच्या? आणि पालिकेकडून सगळ्यात आधी कोणते कागद काढावेत? "छान कल्पना, शुभेच्छा" नको, चुका काढा.

---

चेनेज_शून्य

ती रेघ तूर्त बाजूला ठेवा. सगळे जण आधी हिरवे तुकडे जोडतात आणि मधले चौक नंतर बघू म्हणतात. शहरात हिरवळ कुठून तरी मिळते. वाट अडते ती रस्ता ओलांडताना. म्हणून उलटं करा. जिथे जिथे मोठा रस्ता ओलांडावा लागेल ते बिंदू आधी नकाशावर मांडा, त्यांतले सुधारता येण्यासारखे निवडा, आणि मग त्या बिंदूंना जोडणारी वाट शोधा. तुमच्या मार्गात असे दोन बिंदू आहेत: दांडेकर पुलाचा चौक आणि सारसबागेसमोरचा स्वारगेटकडे जाणारा रस्ता. हे दोन सुटले तर बाकी सगळं तपशिलाचं काम आहे.

सारसबागेसमोर कडेपासून कडेपर्यंत टेपने मोजा. समजा २४ मीटर भरलं. सिग्नलचं गणित साधारण १.२ मीटर प्रतिसेकंद या चालीवर करतात, म्हणजे २० सेकंद. पण बागेत येणाऱ्यांत आजी-आजोबा आणि हात धरलेली पोरं जास्त; त्यांची चाल ०.८ धरा, म्हणजे ३० सेकंद. एवढा वेळ सलग द्यायला वाहतूक शाखा सहसा तयार होत नाही. तेव्हा दुभाजकातच थांबायची जागा मागा आणि ओलांडणं दोन टप्प्यांत करा. इथे नेहमीची चूक अशी की जागा १.२ मीटरची सोडतात. सायकल सुमारे १.८ मीटर लांब असते. चाक मागे किंवा पुढे गाड्यांत राहतं. किमान २ मीटर, जमलं तर २.५. आणि ती रस्त्याच्या पातळीलाच हवी, दुभाजकावर चढून जायचं नव्हे.

छोट्या गल्ल्यांच्या तोंडाशी उलट: तिथे पदपथाचीच पातळी पुढे न्यायची, म्हणजे गाडी चढून येईल आणि माणूस सपाटीवर राहील. असा उंचवटा केला की दोन्ही कडांना पाणी तुंबतं. जाळी आणि पावसाळी नळी त्याच कामाच्या अंदाजपत्रकात घ्या, नाहीतर पहिल्या पावसात लोकच तो फोडायला लावतील.

दुसरी गोष्ट. वाट बागांमधून नेऊ नका, बागांच्या फाटकापर्यंत न्या. पालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, आत सायकल चालत नाही, पु. ल. उद्यानाला तिकीट आहे. वाट आतून नेली की ती दिवसाचे काही तासच वाट असते. बाहेरून, भिंतीलगत न्या. फाटकापाशी सायकल स्टँड, पिण्याचं पाणी आणि बाक. भिंतीऐवजी जाळीचं कुंपण मिळालं तर बागेची सावली आणि नजर दोन्ही वाटेला मिळतात.

आता कालवा. कालवा समपातळी रेषेला धरून जातो, त्यामुळे काठावर चढ जवळपास नाहीच. सायकलसाठी याहून चांगलं काही नाही. पण त्याच कारणाने तो खालच्या रस्त्यापेक्षा उंचावर आहे, आणि तिथून उतरायला रॅम्प लागतो. लोक रॅम्पची लांबी नेहमी कमी धरतात. पातळीतला फरक समजा ४.५ मीटर आला. १ : १२ च्या उताराने ५४ मीटर. दर ९ मीटरला १.५ मीटरचा सपाट टप्पा हवा, म्हणजे ९ मीटरचे सहा तुकडे आणि मध्ये पाच टप्पे: ६१.५ मीटर. हा व्हीलचेअरचा शेवटचा मर्यादेतला उतार झाला; बसलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने चाकं ढकलत चढायचं तर १ : २० बरा, आणि मग नुसता उतारच ९० मीटर. एवढी लांब जागा जिथे सापडेल तिथूनच तुमची वाट खाली उतरेल, नकाशावर जिथे सुबक दिसते तिथून नाही. पातळी मोजायला उपग्रहाच्या नकाशावर विसंबू नका, त्यात मीटर-दोन मीटरची चूक सहज असते. ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) भाड्याने आणा. तेही नको असेल तर गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. टप्प्याटप्प्याने मोजत या, नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

रुंदी: पायी आणि सायकल एकत्र, दोन्ही दिशांनी, तर मोकळे ३ मीटर. मोकळे म्हणजे खांब, बाक, कचरापेटी सगळं वगळून. शिवाय कठडा किंवा भिंत असेल त्या बाजूला अर्धा मीटर सोडा, कारण भिंतीला घासून कोणी चालत नाही. कुठे ३ मीटर निघतच नसतील तर तेवढा तुकडा फक्त पायी ठेवा, १.८ मीटरच्या खाली जाऊ नका, आणि सायकल शेजारच्या गल्लीने वळवा.

---

आवर्तन

कालव्याबद्दल थोडी भर. ती जमीन पालिकेची नाही, जलसंपदा विभागाची आहे. ना हरकत मागायला खडकवासला पाटबंधारे विभागाकडे जावं लागेल, आणि तिथे पहिला प्रश्न असतो: आमचं यंत्र कुठून जाणार? गाळ काढायला पोकलेन आणि डंपर त्याच काठाने येतात. ३.५ ते ४ मीटर सलग मोकळे राहिले पाहिजेत आणि वरचा थर तेवढ्या वजनाला टिकला पाहिजे. ६० मिमीचे पेव्हर ब्लॉक तिथे एका फेरीत बसतील. ८० मिमी घ्या, किंवा सरळ मुरूम दाबून त्यावर खडीचा थर.

दुसरा आक्षेप बांधाचा. २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीपाशी याच कालव्याची भिंत फुटली आणि पाणी दांडेकर पुलापर्यंत घरांत शिरलं. तेव्हा खापर घुशी-खेकड्यांवर फुटलं, त्यावर विनोदही पुष्कळ झाले. पण बांधातलं भोक पाण्याला वाट देतं हे खरंच आहे, मग ते घुशीचं असो की तुमच्या दिव्याच्या खांबाचं. त्यामुळे बांधाच्या माथ्यावर खड्डे नकोत, झाडं नकोत, केबलचा चर नको. दिवे आणि झाडं बांधाच्या पायथ्याच्या पलीकडे, रस्त्याच्या अंगाला. प्रस्तावात हे आधीच लिहिलंत तर निम्मी चर्चा वाचेल.

कठडा मात्र पाण्याच्या बाजूला लागतोच. कालव्याची कड निसरडी असते, पोहणारासुद्धा वाहत्या पाण्यात वर चढू शकत नाही. चालणाऱ्यांसाठी १.२ मीटर उंची चालते, सायकल येणार असेल तर १.४. यंत्राला बादली आत टाकता यावी म्हणून विभाग काढता येणारा कठडा मागेल, आणि काढता येणारा लोखंडी कठडा म्हणजे भंगारवाल्याला आमंत्रण. मधला मार्ग: ओतीव काँक्रीटचे खांब, त्यांत जीआय पाईप, आणि दर २० मीटरला एकच कप्पा कुलूपबंद पिनेचा. या खांबांचा पायाही बांधाच्या माथ्यात खोल खणायचा नाही. जिथे काठाला पक्की भिंत आहे तिथे भिंतीवर, नाहीतर वर ठेवलेल्या सलग काँक्रीट पट्टीवर.

अजून एक. खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याची योजना आहे. तो झाला की शहरातल्या उघड्या कालव्याचं काय करायचं यावर रस्तेवाल्यांचाही डोळा आहे. काठावर पायी आणि सायकलचा वापर आधीच रुळलेला असला तर बोलायला जागा राहते. म्हणून महागडं बांधकाम नको, पण सुरुवात लवकर हवी.

---

ओढाकाठ

तळजाईसाठी आंबिल ओढ्याचा काठ हा पर्याय सध्या सोडा. कारण सांगतो.

कात्रजच्या डोंगरातून येणारं पाणी पद्मावती, सहकारनगर करत दांडेकर पुलाशी येतं आणि पुढे मुठेला मिळतं. मध्ये ओढा जागोजागी आवळलेला आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे: सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या, माणसं गेली. आता तिथे वाट म्हणजे एक तर ओढ्यात भराव घालून, नाहीतर आणखी एक भिंत बांधून. दोन्हींनी पात्र अरुंद होतं. आधीच आवळलेल्या ठिकाणी तीन मीटर कमी झाले की वरच्या अंगाला पाणी चढतं, आणि दोष तुमच्या हरितपथाचा ठरतो. बरोबरच ठरतो.

नदीला निळी आणि लाल पूररेषा असते. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ओढ्याच्या प्रत्येक तुकड्याला अशी रेषा आखलेली असेलच असं नाही. तेव्हा २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं हे काठच्या लोकांना विचारून भिंतीवर खूण करा आणि ती पातळी आपल्या नकाशावर आणा. त्या खुणेच्या खाली दिवे, वीजपेट्या, पेव्हर, बाक यांपैकी काहीही नको. पेव्हर तर पुरात वीट सुटल्यासारखे सुटतात: कडेचा एक उचकटला की रांग जाते, आणि ते ब्लॉक पुढच्या मोरीत अडकून तीच तुंबवतात.

ओढ्याकाठी जिथे पात्र अजून रुंद आहे तिथे मात्र एक आयती पट्टी असते: मलवाहिनीची. मुख्य ड्रेनेज लाईन उतार धरून ओढ्यालगतच टाकलेली असते आणि तिच्यावर बांधकाम करता येत नाही. पालिकेच्या मलनिस्सारण विभागाकडून तिचा नकाशा मागा. तोंडी देत नसतील तर माहिती अधिकार, १० रुपये, ३० दिवस. या पट्टीत दोन अडचणी येतात. चेंबरची झाकणं जमिनीच्या वर फूट-दीड फूट आलेली असतात, ती पातळीला आणावी लागतात. आणि जेटिंग मशीनला (पाण्याच्या दाबाने लाईन साफ करणारी गाडी) प्रत्येक चेंबरपर्यंत पोचता आलं पाहिजे. म्हणजे इथेही थर गाडीच्या वजनाचाच. फाटक बंद केलंत आणि किल्ली सापडली नाही तर तुंबलेल्या चेंबरचं पाणी तुमच्याच वाटेवर येईल.

जाता जाता: पेशवाईत ओढ्याचं पात्र वळवून पर्वतीखाली तळं केलं, त्या तळ्याच्या जागीच आजची सारसबाग आहे. तळ्यातला गणपती हे नाव तिथलंच. ती जागा मुळात सखल आहे हे लक्षात ठेवून तिथल्या वाटेला आडवा उतार नीट द्या, ५० ला १, बागेकडे नव्हे तर पावसाळी गटाराकडे.

---

घाटपायरी

वरच्या सगळ्या प्रतिसादांत जनता वसाहत फक्त नकाशावरचं नाव म्हणून आली आहे. तो कालव्याचा काठ तिथल्या लोकांचं अंगण आहे. कपडे वाळतात, पोरं खेळतात, गाड्या लागतात, टेकडीवरून उतरणाऱ्या बोळांच्या पायऱ्या थेट काठावर येतात. घंटागाडी आणि रुग्णवाहिकेला जवळचा रस्ता तोच.

म्हणून आखणी करताना आधी बोळांची तोंडं मोजा आणि प्रत्येक तोंड नकाशावर दाखवा. त्यातलं एकही कठड्याने बंद होता कामा नये. बंद केलंत तर महिनाभरात गज कापलेला दिसेल, आणि कापलेला गज उघड्या तोंडापेक्षा जास्त धोक्याचा. या पट्ट्यात सायकलचा वेग १०-१२ किलोमीटरच्या वर जाणार नाही अशीच रचना ठेवा: सरळ लांबलचक गुळगुळीत पट्टी नको, बोळाच्या तोंडाशी खडबडीत फरशी. इथे वाट म्हणजे गल्लीच आहे, तिला ट्रॅक म्हणू नका.

आणि प्रस्तावात "अतिक्रमणमुक्त" हा शब्द लिहू नका. तुमच्या मनात काही नसलं तरी त्या शब्दावर फाईल दुसऱ्या खात्यात जाते. मार्गात घर हलवावं लागणार नाही, हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा. मंडळं तुमच्याबरोबर आहेत म्हणता, मग त्यांची सही त्याच पानावर घ्या.

---

पर्वतीपायथा

सगळ्यांचे आभार. ओढ्याचा पर्याय काढतो. बोळांची तोंडं मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं, ते या रविवारी. मग तळजाईला कसं जायचं? आणि दुचाकीचं कोणीच बोललं नाही.

---

चेनेज_शून्य

दुचाकीचं सांगतो. बोलार्डने (वाटेच्या तोंडाशी रोवलेले बुटके खांब) ती थांबत नाही. व्हीलचेअरला १.२ मीटरची फट लागते; रिक्षा १.३ मीटर रुंद, ती अडते. स्कूटर आरामात जाते. फट ०.७ केली की व्हीलचेअर आणि डबा लावलेली सायकल अडते आणि स्कूटर तरीही आरसा वाचवून जाते. नागमोडी कठड्याचंही तसंच. म्हणून प्रश्न फाटकाचा नसून मार्गाचा आहे. दांडेकर पुलाचा सिग्नल टाळून दुचाकीला तीन मिनिटं वाचत असतील तर तुम्ही काहीही लावा, ते तुटेल. वाचत नसतील तर साधा बोलार्डही पुरतो.

तेव्हा मार्ग ठरवताना दोन्ही टोकं अशा जागी काढा की दुचाकीला फिरून त्याच चौकात यावं लागेल. सिंहगड रस्त्यावरून आत आणि स्वारगेटच्या रस्त्यावर बाहेर अशी आरपार वाट मिळता कामा नये. मध्ये पर्वतीच्या पायथ्याशी एक तुकडा मुद्दाम पायऱ्या आणि शेजारी दोनदा वळणारा रॅम्प असा ठेवा. रॅम्प वळताना सपाट जागा १.५ × १.५ मीटर: व्हीलचेअर वळते, सायकल उतरून वळवता येते, स्कूटरवाल्याला कंटाळा येतो. वस्तीत राहणाऱ्यांच्या स्वतःच्या गाड्या काठावर येणारच, त्यांना अडवायचं नाही. अडवायची ती आरपार जाणारी.

सुटकेच्या वाटा विसरू नका. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भिंत अशी २५० मीटरपेक्षा लांब पट्टी असली की अंधार पडल्यावर बायका ती वापरत नाहीत, दिवे कितीही लावा. अशा लांब भिंतीत मध्ये एक तोंड काढून घ्या, नाहीतर तेवढ्या भागात आतली गल्ली घ्या. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच: दिवसा काठ, आणि जिथे तोंडं नाहीत तिथे समांतर गल्ली हाच मुख्य मार्ग दाखवायचा.

---

बहावा

तळजाईबद्दल. पर्वतीवरून जायचं तर १०३ पायऱ्या आहेत, सायकल तिथेच संपली. पायथ्याला वळसा घालून मित्रमंडळ चौकाच्या बाजूने सहकारनगरच्या आतल्या रस्त्यांनी जा. तिथे मोठी झाडं आधीच आहेत, रहदारी बेताची, आणि जमीन पालिकेचीच असल्याने नवा ताबा घ्यावा लागत नाही. लागतं ते एवढंच: चौकांत उंचवटे, पदपथाची दुरुस्ती, दिशाफलक. वर तळजाईला वनविभागाची हद्द सुरू होते, तिथे काँक्रीट किंवा पेव्हरचा प्रस्ताव मांडूच नका. केंद्राच्या १९८० च्या वन कायद्याखाली परवानगीचा प्रश्न उभा राहतो आणि गरजही नाही. पायवाटा मळलेल्या आहेत. सायकली फाटकापाशी ठेवायच्या, आत पायी.

झाडं लावताना: वाट साधारण उत्तर-दक्षिण असेल तर झाडं पश्चिमेला, पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेला; संध्याकाळी चारला सावली वाटेवर पडली पाहिजे. ६ ते ८ मीटर अंतर, १ × १ × १ मीटर खड्डा. करंज, ताम्हण, बहावा, बकुळ चालतील. उंबर-पिंपळ वाटेलगत नको, मुळं थर उचलतात. रेन ट्रीच्या फांद्या पावसाळ्यात मोडतात. जुन्या झाडाभोवती किमान १ मीटर माती मोकळी, आणि तिथे कडेचा दगड बसवायला खोल चर खणायचा नाही. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला दोनदा टँकर; हा खर्च लावणीच्याच निविदेत धरा. वेगळा ठेवलात तर तो मंजूर होईपर्यंत रोपं वाळलेली असतात.

---

आवर्तन

कागदांचं राहिलं. विकास आराखड्याचं त्या भागाचं पान (जुन्या हद्दीचा आराखडा २०१७ चा), नगर भूमापनाचे नकाशे आणि मालमत्ता पत्रकं, ड्रेनेज आणि पावसाळी गटारांचा नकाशा, मोठ्या जलवाहिन्यांचा नकाशा. मग मार्गाला दर ५० मीटरला क्रमांक द्या आणि एक तक्ता करा: क्रमांक, जमीन कोणाची, मोकळी रुंदी, जमिनीखाली काय, अडचण काय. आराखड्यातलं जमिनीचं आरक्षण बदलावं लागेल असा एकही तुकडा ठेवू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल म्हणजे हरकती, सुनावणी, शासनाची मंजुरी, आणि तुमची वाट तोवर फाईलमध्ये.

पहिला टप्पा सहकारनगर ते सारसबाग मागा. सगळी जमीन पालिकेची, कालवा मध्ये येतो तो फक्त पुलावरून ओलांडायला. काठाचा तुकडा दुसरा. त्याची मोजणी कालव्यात पाणी नसताना करा, म्हणजे भिंतीची अवस्था आणि पुलांखालची उंची दोन्ही दिसतील. सायकलला जमिनीपासून २.५ मीटर मोकळी उंची हवी. पुलाखाली तेवढी नसेल तर वाट वर रस्त्यावर आणावी लागते आणि ओलांडण्याचा एक बिंदू वाढतो. दौंड-इंदापूरचं आवर्तन (शेतीसाठी कालव्यात पाणी सोडण्याची पाळी) कधी संपतंय ते शाखा कार्यालयात विचारा, दोन आवर्तनांच्या मधले दिवस मिळतात. लेव्हल स्टाफ (पातळी मोजायची पट्टी) आणि दोन माणसं न्या, तळाच्या गाळात एकट्याने उतरू नका.